रोजा, उपवासकाळ आणि बेचाळीस किलोमीटर

यंदा २ मार्चला पहिला रोजा झाला आणि तीन दिवसांनी राखेचा बुधवार आला. त्यामुळे आमच्या गासमध्ये सध्या आमचे रोजे आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांचा उपवासकाळ एकदमच चालू आहेत. धावण्यातले माझे सोबती निवृत्त शिक्षक आहेत, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. त्यांनी ईस्टरपर्यंत मटण-मासळी सोडली आहे आणि मी सूर्य असेपर्यंत पाणीसुद्धा. रात्री तरावीहची नमाज आटोपून सव्वादहाच्या सुमारास मी नाक्यावर पोचतो, तेव्हा ते बंद दुकानाच्या पायरीवर बुटाच्या नाड्या बांधत बसलेले असतात. "काय भाई, पोटात काय आहे आज?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. खजूर, कलिंगड आणि चार भजी, असं मी सांगतो. "भजी किती?" ते पुन्हा विचारतात. मास्तरांना खोटं बोललेलं कळतं, चाळीस वर्षं पोरांची प्रगतिपुस्तकं भरलेला माणूस. मग मी खरा आकडा सांगतो आणि आम्ही हळूहळू पळायला लागतो.

मी धावपटू वगैरे काही नाही. वय सत्तेचाळीस, अंधेरीला नोकरी, सकाळी नालासोपाऱ्याहून गाडी पकडायची आणि रात्री त्याच गर्दीतून परत यायचं. मूळ घर सोपाऱ्यात, लग्नानंतर काही वर्षांनी गासला आलो. आमचे अब्बा याच लोकलने आयुष्यभर गेले-आले आणि बावन्नाव्या वर्षी एका सकाळी चहा पिता पिता गेले. तेव्हा मी कॉलेजात होतो. चव्वेचाळीसाव्या वर्षी माझ्या रक्तात साखर काठावर आली. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवत एवढंच विचारलं, "वडिलांना काय झालं होतं?" मी घरी येऊन हिशेब केला, आठ वर्षं. बायकोला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर घरी परतण्याऐवजी रस्त्याने चालत सुटलो.

तो रस्ता म्हणजे सनसिटी-गास रस्ता. वसईकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एका टोकाला वसई पश्चिमेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला आमचं गाव आणि मध्ये दोन्ही बाजूंना मोकळी खाजणं. सकाळ-संध्याकाळ इथे फिरणाऱ्यांची जत्राच असते. वारा चांगला, समोर आभाळ उघडं, हिवाळ्यात बगळे. पावसाळ्यात मात्र हा रस्ता पाण्याखाली जातो आणि आम्हाला गावातल्या रस्त्यांवर यावं लागतं. दर वर्षी बातमी येते, दर वर्षी पाणीही येतं. असो, तो वेगळा विषय.

याच रस्त्यावर मास्तर भेटले. मी चालत होतो आणि माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा माणूस मला मागे टाकून पळत गेला, परत येताना पुन्हा भेटला, तिसऱ्या दिवशी थांबला आणि म्हणाला, "त्या विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळ. मग दोन खांब चाल." पळायचं कसं, याचं मला मिळालेलं सगळं शिक्षण हे एवढंच. एक खांब पळायचा, दोन चालायचे. पंधरा दिवसांनी दोन पळायचे, एक चालायचा. दीड महिन्याने मी न थांबता रस्त्याचं दुसरं टोक गाठलं आणि तिथल्या एका सोसायटीच्या भिंतीला हात लावून उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, "कोणाकडे जायचंय?"

आपल्या भागात पळणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. वसई-विरारची मॅरेथॉन २०११ पासून भरते. महापालिका झाली २००९ मध्ये, म्हणजे शहर दोन वर्षांचं असतानाच त्याची मॅरेथॉन सुरू झाली. आता नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी ती अजून महापौर मॅरेथॉनच आहे. पूर्ण शर्यत विरारच्या नवीन विवा कॉलेजपासून सुटते आणि तिथंच संपते, अर्धी वसईतून सुटते आणि विरारला जाते. देशातले नावाजलेले धावपटू इथे येतात. पण माझ्यासारख्याला लक्षात राहतात ते रस्त्याच्या कडेचे लोक. शाळेची पोरं ओळीने हात पुढे करून उभी असतात, हातावर टाळी दिल्याशिवाय सोडत नाहीत. कुठे बँड, कुठे लेझीम, कुठे बायका घरातल्या खुर्च्या अंगणाबाहेर मांडून बसलेल्या. डिसेंबरचा महिना, गावागावांत नाताळच्या तयारीचे कंदील टांगलेले. कोरोनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये शर्यत परत भरली, तेव्हा मी अर्धी धावलो. एकवीस किलोमीटर, दोन तास एकतीस मिनिटं. गळ्यात पदक घालून नालासोपाऱ्याला उतरलो तर रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, झालं, जमलं आपल्याला.

इथंच माझं चुकलं. अर्धी मॅरेथॉन धावलेल्या माणसाला वाटतं की पूर्ण म्हणजे याची दुप्पट. ती दुप्पट नसते. शरीरात साखरेचा जो साठा असतो, स्नायूंत आणि यकृतात, तो साधारण दीड-दोन हजार कॅलरींचा. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर पळायला ढोबळमानाने सत्तर कॅलरी जाळतो. म्हणजे बेचाळीस किलोमीटरला जवळजवळ तीन हजार. गणित मास्तरांनी मला पाटीवर लिहून दाखवलं होतं. साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, मग शरीर चरबीवर चालतं, आणि चरबी हे सावकाश जळणारं लाकूड आहे. वाटेत थोडं थोडं खात-पीत गेलं नाही तर पाय एकाएकी परके होतात. धावणारे याला 'वॉल' म्हणतात, म्हणजे भिंत. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि पहाटे गर्दीत, बँडच्या आवाजात आपला वेग आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये मी पूर्ण शर्यतीला उभा राहिलो. पहिली वीस किलोमीटर मी माझ्या ठरलेल्या वेगापेक्षा बरीच जोरात गेलो. पाण्याच्या टेबलांवर थांबलो नाही, कारण थांबल्यावर लय जाते असं कुणीतरी सांगितलं होतं. चौतिसाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या. मी रस्त्याच्या दुभाजकावर बसलो. एक शाळकरी मुलगी पळत आली आणि म्हणाली, "अंकल, उठा ना, थोडंच राहिलंय." आठ किलोमीटर राहिलं होतं. मी उठलो, शंभर पावलं चाललो आणि पुन्हा बसलो. तिथून मला गाडीत घालून नेलं. घरी बायकोने पायाला तेल लावताना एकदाच विचारलं, "कुणी मागे लागलं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर, बावन्न हा आकडा, मी तोपर्यंत कुणालाच सांगितला नव्हता. त्या रात्री तिला सांगितला.

चूक समजली की माणसाने शांत बसावं. मी उलट केलं. पुढच्या वर्षी मुंबई गाठायची असं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये रमजान आला तेव्हा सराव बंद करायला तयार झालो नाही.

रमजानमध्ये शरीराचं काय होतं ते मुस्लिम नसलेल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. पहाटे साडेपाचच्या आत सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, संपवायचं आणि संध्याकाळी पावणेसातच्या पुढे इफ्तार. मध्ये तेरा-साडेतेरा तास अन्न नाही, पाणी नाही. भुकेचा त्रास पहिले तीन-चार दिवस होतो, नंतर पोट समजूतदार होतं. पाण्याचं तसं नाही. आपला मार्च म्हणजे दमट, घामाचा. शिवाय झोप तुकड्यातुकड्यांत. बरेच जण मला म्हणतात, "बरंय, महिनाभरात वजन उतरत असेल." कसलं उतरतंय! पहिल्या वर्षी माझं दोन किलो वाढलं होतं. इफ्तारच्या ताटाचा गुन्हा आहे तो, रोजाचा नाही.

आता धावायचं कधी? सहरीनंतर धावलं तर आलेली तहान दिवसभर सोबतीला. इफ्तारच्या आधी धावलं तर पाणी जवळ येतं, पण शरीर दिवसभर सुकलेलं असतं. तरावीहनंतर धावलं तर झोप जाते. मी मधला मार्ग निवडला, कारण व्हॉट्सॲपवर कुणीतरी 'रोजा ठेवून पंधरा किलोमीटर' असा फोटो टाकला होता आणि खाली पन्नास जणांनी माशाअल्लाह लिहिलं होतं. मला तसे पन्नास हवे होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

२४ मार्च २०२४. तेरावा रोजा. त्याच दिवशी झावळ्यांचा रविवार होता आणि त्याच संध्याकाळी होळी. सकाळी शेजारी सगळे झावळ्या घेऊन चर्चला गेले होते, दुपारी पोरं होळीची लाकडं ओढत होती आणि मी पावणेपाचला बूट घालून निघालो. हिशेब सोपा होता, पंधरा किलोमीटर, साडेसहाला घरी, पावणेसातनंतर शरबत. मास्तरांनी सकाळीच सांगितलं होतं, "आज नको, ऊन वाईट आहे." मी हो म्हणालो आणि त्यांना न सांगता गेलो.

अकराव्या किलोमीटरला खाजणाच्या मधोमध घाम थांबला. आधी बरं वाटलं. मग त्या उन्हात अंगावर शहारा आला. समोरून येणाऱ्या माणसांच्या कडा पुसट दिसायला लागल्या. तरी मी पळतच होतो, किंवा मला तसं वाटत होतं. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं की मी रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जात होतो. कुणीतरी मास्तरांना फोन केला. ते स्कूटरवर आले, मला धरून बांधावर बसवलं आणि बाटली पुढे केली.

"पी."

"मास्तर, अर्धा-पाऊण तास राहिलाय."

ते वाद घालत बसले नाहीत. अर्धी बाटली माझ्या डोक्यावर ओतली आणि उरलेली माझ्या हातात दिली. माझे हात इतके थरथरत होते की झाकण लागेना, निघेना. त्यांनीच झाकण काढून धरलं. मी प्यायलो. बारा रोजे ठेवले होते, तेरावा मोडला. दूर गावात कुठेतरी होळी पेटल्याचा धूर दिसत होता. मी लहान मुलासारखा रडलो. मास्तर शेजारी बसून राहिले आणि काही वेळाने म्हणाले, "आज माझाही मोडलाय. सकाळी कुणीतरी बोंबलाची चटणी वाढली, लक्षातच आलं नाही." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून रचलेलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरी अम्मीला सांगणं सगळ्यात कठीण होतं. तिने ऐकून घेतलं. ओरडली नाही. अजानच्या वेळी सगळ्यांबरोबर माझ्याही पुढे ताट ठेवलं आणि खजूर माझ्या हातात दिला. मी म्हणालो, माझा रोजा नाही ना आता. "बस," ती म्हणाली, "ताटावर तर बस."

दुसऱ्या दिवशी नमाजनंतर मौलानांकडे गेलो. मला वाटत होतं की ते एक तर रागावतील किंवा पाठीवर हात ठेवून जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा आहे. आजारी माणसाला आहे, प्रवाशाला आहे. तू पाणी प्यायलास ते बरोबर केलंस. त्या रोजाची कजा कर, म्हणजे रमजाननंतर एक दिवस भरून दे." मी सुटल्यासारखा उठलो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण भरदुपारी पळायला गेलास, ते कुणासाठी?" व्हॉट्सॲपचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी यावर थोडं वाचलं, इतरांनी काय केलं ते पाहिलं. २०१२ चं लंडन ऑलिंपिक पूर्णच्या पूर्ण रमजानमध्ये आलं होतं. अनेक मुस्लिम खेळाडूंनी रोजे नंतरवर ढकलले, काहींनी ठेवले, प्रत्येकाने आपापला निर्णय केला. म्हणजे जगातले सगळ्यांत तगडे लोकही यावर डोकं खाजवतात, आणि त्यांच्याजवळ डॉक्टर, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ असतात. माझ्याजवळ एक मास्तर आणि एक स्कूटर.

वाचता वाचता आपल्याकडच्याही गोष्टी सापडल्या. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावला तो बेळगावचा गडी फडेप्पा चौगुले. त्या वर्षी अंतर बेचाळीस पूर्णांक पंचाहत्तर किलोमीटर होतं, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. बेचाळीस पूर्णांक एकशे पंचाण्णव हे आजचं माप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं, पण नियम म्हणून ते १९२१ मध्ये पक्कं झालं. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही होते, ते शर्यत पुरी करू शकले नाहीत. मला खरं सांगायचं तर दातारांबद्दल जास्त आपुलकी वाटली. तिसरी गोष्ट अल्जीरियात जन्मलेल्या बुगेरा एल वाफीची. तो फ्रान्समध्ये मोटारीच्या कारखान्यात कामाला होता आणि १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेऊन गेला. कारखान्यात काम करून पळणारा माणूस! मी हे आमच्या थोरलीला सांगितलं तर ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही ऑफिसमध्ये बसून काम करता." मुलं चौदा वर्षांची झाली की असंच बोलतात.

ईदनंतर मास्तरांनी मला पुन्हा खांबांवर आणलं. सहा महिने वेगाचं नाव काढायचं नाही, असा हुकूम. पळताना बोलता आलं पाहिजे, बोलता आलं नाही तर हळू. आठवड्याला चार दिवस, त्यातला रविवार लांबचा. पावसात रस्ता बुडाला तेव्हा सोपाऱ्याकडे जायचो. बुरुड राजाच्या कोटापर्यंत, म्हणजे त्या स्तूपापर्यंत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदकाम केलं आणि सोपारा जगाला कळलं. आम्हा सोपारेकरांना मात्र ती लहानपणी क्रिकेटची जागा. पावसाने उघडीप दिली की निर्मळ, भुईगावच्या बाजूला. केळीच्या बागा, पानवेली, मोगऱ्याचे मळे आणि प्रत्येक वळणावर एक क्रूस किंवा एक देऊळ. मास्तर क्रूसापुढून जाताना छातीवर खूण करतात, देवळापुढून जाताना मान लववतात, दर्ग्यापुढून जाताना माझ्याकडे बघतात.

खाण्याचं तर मला हसूच येतं. पळणाऱ्यांसाठी परदेशी जेल मिळतात, एकेका पुडीला शे-दीडशे रुपये. एकदा घेतलं, पोट बिघडलं. मग मास्तरीणबाईंनी सुकेळी दिली, आपली वसईची वाळवलेली केळी, निर्मळच्या जत्रेत मिळतात ती. खिशात दोन ठेवायची, दर सात-आठ किलोमीटरला एकेक तुकडा चघळायचा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ. साखर तीच, चव आपली. ज्यांना जेल झेपतं त्यांनी खुशाल घ्यावं, माझी तक्रार नाही.

८ डिसेंबरला विरारची अर्धी मॅरेथॉन मी सावकाश, प्रत्येक टेबलावर पाणी पीत पूर्ण केली. दोन दिवसांनी, मंगळवारी, तो राहिलेला रोजा ठेवला. रमजानमध्ये घरदार, मोहल्ला सगळा तुमच्याबरोबर उपाशी असतो, सोपं जातं. एकट्याने ठेवलेला रोजा वेगळाच. ऑफिसात डबे उघडतात, चहा फिरतो, कुणाला सांगायचंही नसतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो तेव्हा मी लोकलमध्ये, दरवाजापासून तिसरा माणूस. घड्याळ पाहून खिशातून खजूर काढला, तोंडात टाकला. शेजारच्या गृहस्थांनी पाहिलं आणि स्वतःची बाटली पुढे केली. "रमजान लागला का?" त्यांनी विचारलं. म्हटलं नाही, मागची उधारी आहे. "उधारी फेडलेली बरी," ते म्हणाले आणि बोरिवलीला उतरून गेले.

मुंबईची मॅरेथॉन १९ जानेवारीला होती, नेहमीप्रमाणे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी. २००४ पासून चालू आहे. पूर्ण शर्यत पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटते, त्यामुळे पश्चिम रेल्वे त्या रात्री विरारहून विशेष लोकल सोडते. त्या गाडीचं दृश्य पाहण्यासारखं असतं. मध्यरात्रीनंतर अख्खा डबा बूट घातलेल्या, छातीवर नंबर लावलेल्या माणसांनी भरलेला आणि सगळे बसलेले! विरार लोकलमध्ये सगळ्यांना बसायला जागा, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. कुणी केळं सोलतंय, कुणी पायाला व्हॅसलीन चोळतंय, एक बाई जपमाळ ओढतेय.

शर्यतीचं सगळं सांगत बसत नाही. अंधारात निघालो, सी लिंकवर पोचेपर्यंत उजाडू लागलं. वांद्र्याकडून माहीममार्गे परतताना ऊन लागलं. मी मास्तरांचं ऐकत होतो, माणसं मला मागे टाकून जात होती, त्यात एक सत्तरीच्या आजी नऊवारीत होत्या. जाऊ दिल्या. वरळी संपली आणि समोर समुद्रात हाजी अली दिसला. अंतराची पाटी चौतीसच्या पुढची होती, म्हणजे मागच्या वेळी मी जिथे दुभाजकावर बसलो होतो ती जागा मागे पडली होती.

अब्बा आम्हाला वर्षातून एक-दोनदा गुरुवारी हाजी अलीला आणायचे. भरती असली की दर्ग्याची वाट पाण्याखाली असायची आणि आम्ही कठड्यावर बसून पाणी उतरायची वाट बघायचो. ते घाई करायचे नाहीत. बाकी आयुष्यभर गाडी, हजेरी, ओव्हरटाइम यांची घाई, पण तिथे बसलेले असायचे निवांत, हातात चण्याची पुडी. मी पळता पळता उजवीकडे पाहिलं. पाय दुखत होते, पण ते माझेच होते.

त्यानंतर पेडर रोडचा चढ. ज्यांनी तो चढ पळून पाहिलाय त्यांना मी काय सांगू, ज्यांनी नाही पाहिला त्यांनी टॅक्सीतून कधी लक्षही दिलं नसेल. पण तिथली माणसं! इमारतींतून उतरून लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की, बर्फ घेऊन उभे असतात. आणि चढाच्या मध्यावर पांढरी टोपी घातलेले मास्तर. न सांगता आले होते, पहिल्या गाडीने. हातात वसईची केळी. त्यांनी एक सोलून दिलं आणि माझ्याबरोबर पन्नासेक पावलं चालले. "बोल काहीतरी," म्हणाले. बोलता येतं का ते बघत होते. मी म्हणालो, "मास्तर, बोंबलाची चटणी..." ते हसले आणि मला ढकललं.

पाच तास बावीस मिनिटं. पदक घेतलं, सावलीत बसलो आणि अम्मीला फोन लावला. तिने वेळ विचारली नाही, कितवा आलो विचारलं नाही. "पाणी प्यायलास का?" एवढंच.

आता हा रमजान. यंदा नियम साधे आहेत. दिवसा पळायचं नाही. तरावीहनंतर तीन दिवस, पाच किलोमीटर, बोलता बोलता. पुढे सायकलवर आमची थोरली, टोपलीत पाण्याची बाटली. अम्मीला तिचं रात्री बाहेर पडणं आधी पसंत नव्हतं, पण बापावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, या मुद्द्यावर तिने माघार घेतली. साखर पुन्हा तपासली, काठाच्या अलीकडे आहे. रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारूनच ठेवतो. ज्यांची साखर, रक्तदाब किंवा औषधं चालू आहेत त्यांनी तसं विचारल्याशिवाय ठेवू नयेत आणि पळूही नये. परवाच्या शुक्रवारी धुळवड आणि जुमा एकत्र आले. त्या रात्री रस्त्यावर इतका गुलाल होता की आमच्या बुटांचे तळवे अजून गुलाबी आहेत.

मास्तर सध्या कॅलेंडर घेऊन बसलेत. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकतो, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आणि पुढचा हिशेब स्वतः केला. चंद्रदर्शनाचा एखादा दिवस इकडे-तिकडे धरला तरी २०२९ च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचा रविवार रमजानमध्ये येतो, २०३० मध्येही. "मग काय करशील?" काल रात्री त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुमच्यासारखा केळी घेऊन पेडर रोडला उभा राहीन. "दिवसभर उपाशी राहून दुसऱ्यांना केळी वाटशील?" वाटीन की. यावर थोरलीने सायकल थांबवली आणि विचारलं, "तेव्हा मी अठरा वर्षांची असेन. मी पळू?"

२०२९ मध्ये मी एक्कावन्न वर्षांचा असेन. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुढच्या खांबाकडे.